अंगणवाडीला वाढीव पैसा मिळाला तर तो आधी कशावर खर्च व्हावा?

सायली_द
माझं मत स्पष्ट आहे: दुसऱ्या सेविकेवर. अंगणवाड्या ज्या योजनेत चालतात ती एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली तेव्हापासून पूर्वशालेय शिक्षण तिच्या सहा सेवांपैकी एक आहे, पण सगळ्यांत आधी काट बसते ती त्यालाच. एकच सेविका वजन-उंची घेते, घरी न्यायचा आहार वाटते, लसीकरणाला मुलं गोळा करते, पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाईल अॅपवर नोंदी भरते. मदतनीस स्वयंपाकात. तीन ते सहाची मुलं नुसती बसून राहतात.

तमिळनाडूत अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी ६४० अंगणवाडी केंद्रांत प्रयोग केला. निम्म्या केंद्रांना फक्त शिकवण्यासाठी अर्धवेळ कार्यकर्ती दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, दीड वर्षात मुलं भाषा-गणितात पुढे गेली. शिवाय मूळ सेविकेचा वेळ मोकळा झाल्याने खुरटलेल्या (वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या) मुलांचं प्रमाणही घटलं.

माळरान
तीन वर्षांपर्यंत थांबायचंच कशाला? त्याआधी मुलाच्या वाट्याला वजन, लस आणि आहाराचं पाकीट एवढंच येतं. जमैकात १९८६-८७ मध्ये ९ ते २४ महिन्यांची १२९ खुरटलेली मुलं निवडली. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्य कार्यकर्ती दोन वर्षं आठवड्यातून एकदा तासभर जायची आणि मुलाशी कसं खेळायचं, काय बोलायचं ते आईला दाखवायची. वीस वर्षांनी या मुलांची कमाई, भेटी न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. नुसता पूरक आहार मिळालेल्यांत असा फरक दिसला नाही. आपण मात्र पाकिटावरच थांबलोय.

सायली_द
@माळरान, हिशेब करा. तीन वर्षांखालची चाळीस मुलं धरली तर आठवड्याला चाळीस तास, वर चालण्याचा वेळ. हे करणार कोण?

माळरान
घरोघरी जायलाच हवं असं नाही. ओडिशातल्या खेड्यांत गृहभेटी आणि आयांचे गट दोन्ही करून पाहिले. परिणाम जवळपास सारखा, गटाचा खर्च बराच कमी. सात-आठ आया, मुलं साधारण एका वयाची. आधी मागच्या आठवड्याचा खेळ आईनेच करून दाखवायचा, मग नवा खेळ, एक बडबडगीत, चित्रांवर गप्पा. खेळणं घरी न्यायचं, पुढच्या वेळी बदलून घ्यायचं. फसतं कुठे? सेविका भाषण देते आणि आया ऐकत बसतात तिथे. दुसरं म्हणजे वेळ. सकाळी अकराला बैठक ठेवली की मजुरीवर जाणारी आई येतच नाही, कडेवर बाळ घेऊन आठ वर्षांची बहीण येते. ज्या घराला सर्वांत गरज, तेच सुटतं.

शिंपले
दोघांनाही विचारते, त्या वाढलेल्या तासांत मुलं करणार काय? अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या बालवर्गांचा निष्कर्ष २०२२ मध्ये आला: तिथे शिकलेली गरीब घरांतली मुलं सहावीत, प्रवेश न मिळालेल्या तशाच मुलांच्या मागे पडलेली आढळली. मुख्य संशोधक डेल फॅरन यांनी सबंध वर्गाला एकदम बसवून शिकवण्याकडे बोट दाखवलं. आपल्याकडेही पालकांना वही भरलेली हवी असते, म्हणून साडेतीन वर्षांच्या मुलाला 'अ' गिरवायला लावतात. बोटांत बळ नसतं, पेन्सिल मुठीत धरली जाते, आणि ती पकड पुढे सुटता सुटत नाही. त्याआधी माती मळणं, कागद फाडणं, ओवणं, बिया निवडणं व्हायला हवं (तीन वर्षांखालच्या मुलांपासून बिया लांब, घशात अडकतात). ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ नंतर बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात बालवाडी नेली, ती शंख-शिंपले आणि पानं-बिया अशाच साधनांवर. पैसा आधी प्रशिक्षणावर, साधनांवर आणि वर्गात बसून पाहणाऱ्या पर्यवेक्षिकेवर लागावा.

सायली_द
गिरवण्याबद्दल पूर्ण सहमत. पण पर्यवेक्षिका पाहणार काय, सेविका रजिस्टर भरत असेल तर? दुसऱ्या सेविकेच्या नेमणूकपत्रातच लिहा: रोजचे दोन तास वर्गाचे, त्या वेळेत सर्वेक्षण नाही, मोबाईलवर नोंद नाही.

माळरान
असं पत्र पहिल्या सरकारी मोहिमेपर्यंत टिकतं. मोहीम आली की दोघींनाही घरोघर पाठवतील. त्यापेक्षा आयांच्या गटासाठी गावातलीच वेगळी बाई मानधनावर घ्या, तिच्याकडे रजिस्टरच देऊ नका.