कारवान पिल्लाला मांजर, माकड, शेळी यांच्यामागे न धावायला कसं शिकवावं?

बोरिवली_पूर्व

साडेपाच महिन्यांचा कारवान (देशी शिकारी कुत्र्याची जात) नर, वजन १५ किलो, लसी झालेल्या. सोसायटीत आठ-दहा मांजरं आहेत आणि कंपाउंडला लागून झाडी असल्यामुळे माकडंही येतात. घरात 'बस', 'थांब', 'ये' चोख ऐकतो. खाली उतरलो की मान वर, कान ताठ, आणि मांजर हललं की झेप. त्या क्षणी हाक त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही. गळ्यातला साधा पट्टा मान मागे खेचून दोनदा काढलाय.

मे महिन्यात त्याला सांगोल्याकडे न्यायचं आहे, तिथे शेजारीच शेळ्या-मेंढ्या. शिकार अजिबात करायची नाही, उलट कोणत्याच जनावरामागे तो लागू नये एवढंच हवं. कोणी शॉक कॉलर सुचवतं, कोणी गळ्यात लोढणं बांध म्हणतं. नेमका क्रम काय ठेवावा, किती दिवस धरावेत आणि यात बिघडतं कुठे?

माणदेशी_पशमी

तो हट्टी आहे म्हणून धावतोय असं समजू नका. कारवान, पशमी, मुधोळ, रामपूर ही सगळी डोळ्यांवर चालणारी, म्हणजे वास घेत नाही तर बघून पाठलाग करणारी कुत्री. शिकारीची एक साखळी असते: दिसणं, रोखून पाहणं, धावणं, धरणं, मारणं. पिढ्यान्‌पिढ्या निवड होत यांच्यात पाहणं आणि धावणं या दोन कड्या फार जोरकस झाल्या. मांजर हाती लागो न लागो, धावणं हेच त्याचं बक्षीस असतं. म्हणून एकदा धाव सुरू झाली की हाक वाया जाते. तुमच्या हातात असतो तो फक्त पाहण्यापासून धावण्यापर्यंतचा एक-दोन सेकंदांचा वेळ, आणि सगळं शिक्षण त्यातच बसवायचं आहे.

तो क्षण ओळखायला आधी तुम्ही शिका. तोंड मिटतं, धाप थांबते, शेपूट स्थिर होते, मान उंच होते, कधी पुढचा एक पाय उचलला जातो. तोंड उघडं आहे, कान इकडेतिकडे फिरताहेत तोवर तो शिकू शकतो. तोंड मिटून तीन सेकंद झाले की तुम्ही फार जवळ आलात, काही न बोलता मागे फिरा.

साहित्य आजच बदला. यांची मान डोक्यापेक्षा रुंद, त्यामुळे साधा पट्टा निघणारच. मार्टिंगेल घ्या, म्हणजे ओढ बसली की थोडा आवळणारा पट्टा, रुंदी किमान ४ सेंमी. माप कानांच्या लगेच मागे घ्या. पूर्ण ओढल्यावर दोन्ही कड्या एकमेकींना टेकता कामा नयेत, टेकल्या तर तो सैल आहे. शिवाय छातीवर वाय आकार येणारा हार्नेस. सोसायटीत दोन टोकांना हुक असलेली दोरी वापरा, एक हुक पट्ट्याला आणि दुसरा हार्नेसला. मोकळ्या जागी १० मीटरची, २ सेंमी रुंद नवारीची पट्टी हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला लावा, गळ्याला कधीच नाही. धावत्या कुत्र्याला गळ्यात हिसका बसला तर मानेला कायमची इजा होऊ शकते. कपडे वाळत घालायची नायलॉन दोरी तर नकोच, तळहात कापते. पट्टी हाताला गुंडाळू नका, घड्या घालून धरा आणि ३ मीटरपेक्षा जास्त ढील देऊ नका. झेप घेतलीच तर दोन-चार पावलं त्याच्याबरोबर धावत हळूहळू थोपवा.

आता क्रम. पहिले तीन दिवस घरातच. कोंबडीची कलेजी उकडून तव्यावर कोरडी करा, चण्याएवढे तुकडे पाडा. 'हां' म्हणा, तुकडा द्या. एका वेळी १५ ते २० वेळा, दिवसातून दोनदा. शब्द आधी, हात नंतर. हात आधी खिशाकडे गेला तर तो शब्द ऐकत नाही, हात बघतो. कलेजी जास्त झाली तर पोट सैल होतं, म्हणून निम्मे तुकडे उकडलेल्या चिकनचे ठेवा. खाऊ दिवसाच्या खुराकाच्या दहाव्या हिश्श्यापुढे जाऊ देऊ नका आणि तेवढं जेवण कमी करा.

चौथ्या दिवशी खाली. वेळ सकाळी साडेसहा-सातची, तेव्हा मांजरं गाड्यांच्या टपांवर बसलेली असतात. संध्याकाळी खाणं घालायला कोणी आलं की ती पळापळ करतात, ती वेळ पहिले तीन आठवडे टाळा. ३५ ते ४० मीटरवर थांबा. त्याने मांजराकडे पाहिलं रे पाहिलं की 'हां', आणि तुकडा तुमच्या गुडघ्याजवळ द्या, म्हणजे मान मांजराकडून वळते. हे उलटं वाटेल, मांजर पाहण्याबद्दल खाऊ कशाला? पण आपण त्याला शिकवतोय की मांजर दिसलं म्हणजे माणसाकडे वळायचं. वीस-तीस वेळा झालं की तो पाहून आपणहून तुमच्याकडे बघू लागेल. त्या दिवसापासून 'हां' पाहिल्यावर म्हणायचं नाही, वळल्यावर म्हणायचं.

दहापैकी आठ वेळा वळला तर अंतर ३ मीटरने कमी करा. लागोपाठ दोनदा चुकला तर १० मीटरने वाढवा. चालणाऱ्या मांजरासाठी अंतर दुप्पट धरा, पळणाऱ्यासाठी तर खेळच सोडा आणि निघा. सरळ मांजराच्या दिशेने कधी चालू नका, समांतर चाला. सराव पाच मिनिटांचा, दिवसातून दोन-तीनदा. त्याहून लांबला की पिल्लू थकतं आणि चुका वाढतात.

वळणं पक्कं झालं की त्याला शब्द जोडा. 'नाही' घरात शंभर कारणांनी वापरलेला असतो, तो नको. 'जाऊ दे' चांगला. शांत आवाजात, एकदाच, वळण्याच्या जरा आधी. आणि धावताना नावाने हाका मारत सुटू नका. दहा वेळा मारलेल्या आणि दहा वेळा फुकट गेलेल्या हाकेने नावाचाच अर्थ पुसला जातो.

शिस्तीत केलं तर सहा ते आठ आठवड्यांत सोसायटीतल्या बसलेल्या मांजराजवळून ५ मीटरवर नीट जाईल. मग आठ-दहा महिन्यांचा झाला की वयात येताना पुन्हा बिघडल्यासारखं वाटेल. ते अपेक्षित आहे, अंतर वाढवून परत सुरुवात करायची. या सगळ्या काळात एकही धाव यशस्वी होऊ देऊ नका. एका मनसोक्त पाठलागाने दोन आठवड्यांचं काम पाण्यात जातं, म्हणून दोरी सुटी सोडायची नाही हा नियम शिक्षणापेक्षाही आधी येतो.

माग_आणि_नाक

वरचं सगळं डोळ्यांच्या कुत्र्यांसाठी अगदी बरोबर. ज्यांच्याकडे बीगल किंवा बॅसेट आहे त्यांनी मात्र तसंच्या तसं उचलू नये. नाकाच्या कुत्र्याला जनावर दिसावंच लागत नाही. घूस रात्री गटाराकडेने गेली असेल तर सकाळी सहा वाजता तो त्याच रेषेवर नाक टेकून चालतो. तिथे अंतराचा उपयोग कमी, वारा आणि ओल बघावी लागते. पावसाळ्यात ओलसर, कमी वाऱ्याच्या सकाळी वास जमिनीलगत टिकतो, म्हणून बीगल जुलैत जास्त बहिरं वाटतं.

इंग्लंडमध्ये फॉक्सहाउंडने खोकड सोडून हरीण, ससा, मेंढी यांच्या मागे लागणं याला 'रायट' म्हणतात, आणि तिथे त्यावरचा मुख्य उपाय मारझोड नाही, लहानपणची ओळख आहे. आठ-दहा आठवड्यांची पिल्लं शेतावरच्या घरांकडे सांभाळायला देतात, तिथे ती कोंबड्या, मांजरं, मेंढ्या यांच्यात वाढतात. परतल्यावर पोक्त कुत्र्याबरोबर पट्ट्याला पट्टा जोडून फिरवतात. आपल्याकडे उटीच्या हाउंडना खोकडाऐवजी कोल्ह्याचा माग दिला जाई, म्हणजे कोणता वास आपला हे शिकवलंच जातं. इंग्लंड-वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने कुत्र्यांनी शिकार बंद झाली, तरी आखलेल्या वासावर चालवायचं तर बाकीचे वास सोडायला शिकवावंच लागतं.

घरी करता येईल असा सराव: झाकणाला भोकं पाडलेले पाच सारखे डबे. एकात दोन लवंगा कापडात बांधून. बाकी चारांत कोंबडीचं पीस, मांजर झोपलेल्या गोणपाटाचा तुकडा, शेळीचे केस, आणि एक रिकामा. लवंगेच्या डब्यावर नाक टेकलं की लगेच 'हां' आणि खाऊ. बाकी डब्यांवर काहीच नाही, रागावणंही नाही. दर वेळी जागा बदला. लवंगेचा डबा कायम एकच ठेवा, दुसऱ्यांत तो घालू नका, नाहीतर वास मिसळतात आणि कुत्रा बिचारा बरोबर असून चुकीचा ठरतो. हात धुऊन डबे हाताळा, तुमच्या बोटाचा कलेजीचा वास ज्या डब्याला लागेल तोच त्याला लवंगेचा वाटेल. दोन आठवड्यांत बहुतेक बीगल पीस हुंगून पुढे जातात. मग हेच बागेत करा. बीगलचं नाक रिकामं ठेवायचंच नाही, त्याला पगारी काम द्यायचं.

दवाखाना_दादर

शॉक कॉलरबद्दल ठाम सांगतो: नको. झटका बसतो तेव्हा कुत्रा पाहत असतो मांजराकडे, म्हणून दुखणं मांजराशी जोडलं जातं. काही कुत्री पुढे मांजर दिसताच गुरगुरतात, काही जवळच्या लहान मुलाशी ते जोडतात. काही फक्त एवढंच शिकतात की कॉलर गळ्यात असली की धावायचं नाही. वेल्समध्ये २०१० पासून त्यावर बंदी आहे.

लोढणंही नको. ते चालताना पुढच्या पायांच्या नळ्यांवर आपटतं. साडेपाच महिन्यांत हाडांच्या टोकांची वाढ चालू असते आणि कारवानच्या अंगावर चरबी नावालाच. धावला तर लोढणं पायांत येऊन कोलमडतो, गेटच्या गजात अडकलं तर गळफास.

मुसकं मात्र शिकवून ठेवा, सोसायटीतल्या मांजरांच्या जिवासाठी. जाळीदार टोपलीसारखं, आत तोंड पूर्ण उघडून धापता आलं पाहिजे. कापडी, तोंड बांधून ठेवणारं मुसकं मुंबईच्या उकाड्यात धोक्याचं, कुत्रा धापूनच अंग थंड करतो. आठ-दहा दिवस नुसतं त्यात दही लावून चाटू द्या, बकल लावू नका. मग पाच सेकंद, दहा सेकंद, मिनिट.

उंदीर-घुशींमागे लागणाऱ्या कुत्र्याला लेप्टोस्पायरोसिसची लस दर वर्षी द्या. पहिल्यांदा असेल तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, आणि दुसरा मे संपायच्या आत.

बोरिवली_पूर्व

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. काठीला चिंधी बांधून पळवण्याचा खेळ सुचवतात, त्याने पाठलाग वाढणार नाही का? आणि कबुतरं, माकडं यांचं काय? ती ३५ मीटरवर थांबून आपली वाट बघत नाहीत.

माणदेशी_पशमी

नुसता पळवला तर वाढतो. नियम लावून खेळलात तर तोच पाठलाग तुमच्या हाती येतो. दीड मीटरचा बांबू, दोन मीटर दोरी, टोकाला जुनी चिंधी. चिंधी जमिनीवर स्थिर, तो थांबलेला, मग 'घे'. पाच-सहा सेकंद पळवा, 'सोड', चिंधी मेल्यासारखी स्थिर. सोडली की लगेच पुन्हा 'घे'. सोडण्याचं बक्षीस पुन्हा पळणं हे त्याला कळलं की 'सोड' पक्का होतो. चिंधी जमिनीलगत मोठ्या गोलात फिरवा. उड्या आणि झटक्याची वळणं वर्ष-सव्वा वर्षापर्यंत नकोत. एका वेळी दोन मिनिटं पुरे. पुढे चिंधी पळत असताना 'जाऊ दे' म्हणून वळवता आला, तर पळत्या मांजराला वळवण्याची निम्मी तयारी झाली.

कबुतरांसाठी जिथे दाणे टाकतात ती जागा उपयोगी, पण थव्यापासून दूर. थवा उडतो तेव्हा नाही, चरत असतो तेव्हा सराव करा. माकडांसाठी सरावच करू नका. ती टोळीने उलटतात आणि चावतात. दिसली की दोरी आखूड, पाठ फिरवून, न पळता निघायचं.

आरे_पहाट

बोरिवलीत आहात म्हणून लिहितो. राष्ट्रीय उद्यानात पाळीव कुत्रा नेता येत नाही, आणि त्याच्या कडेला अंधार पडल्यावर किंवा पहाटे उजाडण्याआधी सराव नको. बिबट्याच्या खाण्यात कुत्रा असतो. साडेसहाची वेळ थंडीत सातवर न्या. मुंगूस, घोरपड, ससा यांच्याबाबतीत हलगर्जी नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत कुत्र्यांकरवी पाठलाग, पिटाळणं आणि तसा प्रयत्नही येतो. सांगोल्याच्या माळावर दोरी एक मिनिटही सोडू नका.

मेंढ्यांसाठी: आधी मेंढपाळदादांना विचारा आणि त्यांची कुत्री बांधलेली आहेत ना ते बघा, परकं कुत्रं ती सोडत नाहीत. पहिले दोन दिवस मेंढ्या वाघरीच्या (जाळीच्या कुंपणाच्या) आत असताना बाहेरून, ५० मीटरवरून समांतर. तिसऱ्या दिवशी चरत असताना, वाऱ्याच्या अशा बाजूने की मेंढ्यांना कुत्र्याचा वास आधी जाऊन त्या बिथरणार नाहीत. कळप पळू लागला तर चूक कुत्र्याची नाही, अंतराची. एडक्याची धडक खाऊ द्या म्हणजे अक्कल येईल असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, कारवानच्या बरगड्या ती धडक सोसत नाहीत. शेळ्या मेंढ्यांपेक्षा धीट, त्या उलट कुत्र्याकडे चालत येतात. तेव्हा तुम्हीच चार पावलं मागे घ्या आणि 'हां' म्हणायला उशीर करू नका.