फेडरल आणि प्रोव्हिन्शियल : केंद्र, संघ की आणखी काही?

प्रश्न
कॅनडावर लेख लिहितोय. ओटावा (राजधानी, म्हणजे तिथलं फेडरल सरकार) आणि तेलाचा प्रोव्हिन्स अल्बर्टा यांच्यातलं तेलावरचं, कार्बन करावरचं भांडण. सवयीने 'फेडरल गव्हर्नमेंट'ला 'केंद्र सरकार' आणि 'प्रोव्हिन्स'ला 'राज्य' लिहीत गेलो. आता वाचताना दिल्ली-मुंबईचीच बातमी वाटतेय. योग्य शब्द कोणते?

प्रतिसाद
'प्रांत' लिहा. स्टेट अमेरिकेत, इथे प्रोव्हिन्सच. शिवाय शब्द आपल्या ओळखीचा आहे. 1935च्या कायद्याने 'प्रांतिक स्वायत्तता' दिली आणि 1937 साली मुंबई प्रांतात निवडून आलेलं मंत्रिमंडळ बसलं. अडचण एकच. तालुक्याच्या गावी 'प्रांत' म्हणजे प्रांताधिकारी. 'प्रकरण प्रांतांकडे गेलं' असं लिहिलंत तर वाचक सातबारा शोधायला लागेल!

प्रतिसाद
प्रांत ठीक, पण 'केंद्रा'ला काय धाड भरलीय? वाचकाला चटकन कळतं.

प्रतिसाद
कळतं, पण चुकीचं कळतं. केंद्र म्हटलं की बाकी सगळे परिघावर. भारतातसुद्धा घटनेचं पहिलं कलम 'राज्यांचा संघ' म्हणतं, आणि सातव्या अनुसूचीत संघ सूची, राज्य सूची, समवर्ती सूची आहेत. 'केंद्र सूची' नाही. म्हणून तर 2021 साली तमिळनाडू सरकारने 'केंद्र' सोडून तमिळमधला 'संघ सरकार' हा शब्द हट्टाने वापरायला घेतला. तरी आपल्याकडे 'केंद्र' शोभतं, कारण संसद राज्याचा नकाशा बदलू शकते. आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळलं, तरी 2014 मध्ये तेलंगण झालंच. कॅनडात प्रांताच्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय त्याची हद्द हलत नाही. अशा सरकारला 'केंद्र' कसं म्हणायचं?

प्रतिसाद
थोडं थांबा. 1867 साली कॅनडाची राज्यघटना घडवणाऱ्या, पुढे पहिले पंतप्रधान झालेल्या मॅकडोनाल्डना बळकट केंद्रच हवं होतं. शेजारी अमेरिकेतलं यादवी युद्ध नुकतंच संपलं होतं. त्यामुळे शेषाधिकार, म्हणजे प्रांतांना न दिलेल्या उरलेल्या विषयांवरचे अधिकार, ओटावाकडे, आणि प्रांताने केलेला कायदा रद्द करायचा अधिकारही ओटावाकडे. तो शेवटचा वापरला 1943 साली, आणि कुणाच्या कायद्यावर? अल्बर्टाच्याच! अल्बर्टा प्रांत झाला 1905 मध्ये, पण जमीन आणि खनिजं त्याच्या ताब्यात आली 1930 मध्ये. तेलाचं नाव काढलं की तिथली माणसं चिडतात ती यामुळे. ओटावाचे कायदे न जुमानण्याची वाट काढणारा 2022चा त्यांचा 'सार्वभौमत्व कायदा' काही आभाळातून पडलेला नाही. 1867नंतरच्या दशकांत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे कॅनडाच्या तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टाने, निकालांमागून निकाल देत पारडं प्रांतांकडे झुकवलं, ही गोष्ट वेगळी. थोडक्यात, कागदावर तरी 'केंद्र' अगदीच खोटं नाही.

प्रतिसाद
कागदावरच. कार्बन कराच्या खटल्यात तीन प्रांत कोर्टात भांडले. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी ओटावाच्या बाजूने निकाल दिला, तरी सामान्य ग्राहकावरचा कर 2025 मध्ये ओटावालाच काढून घ्यावा लागला.

प्रतिसाद
टोरंटोहून लिहितेय. आमच्याकडे मराठी घरांत कुणीही केंद्रही म्हणत नाही नि संघही. सरळ 'फेडरल' आणि 'प्रोव्हिन्शियल'. पासपोर्ट फेडरल, हेल्थ कार्ड प्रोव्हिन्शियल. पीएनपीतून (प्रांताने नाव सुचवायची योजना) पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, घ्यायचा तर नाव प्रांत सुचवतो, शिक्का ओटावाचा. क्यूबेकमधली मंडळी तर टॅक्सचे दोन वेगळे फॉर्म भरतात.

प्रतिसाद
'संघ सरकार' मात्र लिहू नका हो. महाराष्ट्रात संघ म्हणजे एक तर नागपूर, नाही तर दूध संघ. 'संघीय सरकार' चालेल. नेपाळने 2015च्या घटनेत 'संघीय' घेतलंय, कानाला खटकत नाही.

प्रतिसाद
एक खड्डा राहिला. 1867 साली प्रांत एकत्र येऊन कॅनडा झाला, त्याला तिथे 'कॉन्फेडरेशन' म्हणतात. कोश पाहून 'राज्यसंघ' लिहाल तर फसाल. राज्यसंघात सदस्यांचं सार्वभौमत्व त्यांच्याकडेच राहतं, तसं इथे कधीच नव्हतं. 'संघराज्याची स्थापना' लिहा.

मूळ प्रश्नकर्ता
मंडळी, आभार. 'संघीय सरकार' आणि 'प्रांतिक सरकार' नक्की केलं. लेखात प्रांताधिकारी कुठेच नाहीत, तेव्हा तो घोटाळा टळला. संपादकांनी छापताना पुन्हा 'केंद्र' केलं, तर भांडायला याच धाग्याचा दुवा पाठवीन.