मदत हवी आहे: सिरियल पोर्टवरून सीएनसीला मोठी फाईल जात नाही, मध्येच बफर ओव्हरफ्लो (मशीनची तात्पुरती साठवण भरून वाहते)

मंडळी, रत्नागिरीत मिऱ्याजवळ आमचं छोटं वर्कशॉप आहे. मासेमारी बंदीत (१ जून ते ३१ जुलै) बोटी शाकारलेल्या असतात, तेव्हाच पंपाची-इंजिनाची कामं येतात. नारळी पौर्णिमेच्या आत सहा इंपेलर (पंपातली पाणी फेकणारी पात्यांची चकती) द्यायचेत आणि मशीन अडून बसलंय.

जुनं व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं, संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं सीएनसी मिलिंग मशीन) आहे, मेमरी जेमतेम, म्हणून फाईल ड्रिप फीडने, म्हणजे कटिंग चालू असताना थोडी थोडी, सोडतो. पूर्वी नऊ पिनांचा पोर्ट असलेला पीसी होता, त्याचा बोर्ड खाऱ्या हवेने खाल्ला. आता लॅपटॉप, यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर आणि भाच्याने पायथनमध्ये लिहून दिलेला प्रोग्रॅम.

सेटिंग: ४८०० बॉड (सेकंदाला ४८०० बिट), ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, २ स्टॉप बिट, एक्सऑन-एक्सऑफ (मशीनने पाठवायचे 'पाठव' आणि 'थांब' हे इशारे) चालू. मशीनला सम पॅरिटी (अक्षरातल्या १ ची संख्या सम व्हावी म्हणून जोडलेला तपासणीचा बिट) लागते, ती भाच्याचं फंक्शन प्रत्येक अक्षराला स्वतः जोडतं. केबल तीन तारांची (लॅपटॉपकडची पिन मशीनकडच्या पिनेला): २ ला २, ३ ला ३, ५ ला ७, मशीनच्या बाजूला ४-५ आणि ६-८-२० शॉर्ट.

दहा-बारा ओळींची फाईल बिनबोभाट जाते. मोठी सोडली की थोडं कटिंग होतं आणि अलार्म. केबल बदलली, कन्व्हर्टर बदलला, अर्थिंग तपासलं. मशीनकडून काय येतं ते छापून पाहिलं, तर आधी कोड १७ आणि अलार्मच्या जरा आधी १४७. हा १४७ म्हणजे नॉइज (तारेतला विजेचा गोंधळ) का?

प्रतिसाद १
दादा, बॉड कमी करून बघा. २४०० ला आमचं चालतं.

धागाकर्ता
केलं. अलार्म उशिरा येतो, पण येतो.

प्रतिसाद २
नॉइज नाही, तोच तुमचा 'थांब' आहे. एक्सऑफ म्हणजे १९. बायनरीत त्यात तीन एक, म्हणून सम पॅरिटीसाठी मशीन आठवा बिट १ करतं: १२८ + १९ = १४७. तुम्ही ८ बिट वाचताय, त्यामुळे लॅपटॉपला तो एक्सऑफ वाटतच नाही. एक्सऑन १७ मध्ये दोनच एक, तो १७च राहतो, म्हणून सुरुवात बरोबर होते. लहान फाईल बफरमध्ये मावते, म्हणून बचावते.

पायसिरियलमध्ये (पायथनची सिरियल पोर्ट हाताळणारी लायब्ररी) ७ बिट, सम पॅरिटी, २ स्टॉप बिट ठेवा आणि ते फंक्शन काढून टाका. नाहीतर पॅरिटी दोनदा लावायचा उद्योग होईल. शिवाय अख्खी फाईल एकदम राइट करू नका. एक्सऑफनंतर कंट्रोलर दहाएक अक्षरंच सहन करतो, आणि कन्व्हर्टरच्या पोटात गेलेलं परत बोलावता येत नाही. सात-आठ अक्षरांचे तुकडे करा, मध्ये २० मिलिसेकंद थांबा.

धागाकर्ता
पहिला इंपेलर आत्ता उतरला, एकही अलार्म नाही. भाच्याला सांगितलं तर म्हणतो, "मामा, मी दहा ओळींवरच तपासलं होतं."