शिकाऱ्याचा नातू आणि गळ टाकणारा बाप : मुंबईत राहून वन्यजीवांसाठी नेमके काय करता येईल?

तळेकाठी (भांडुप)

नमस्कार. माझे आजोबा परवाना काढून शिकार करीत असत. शहापूर-मुरबाडच्या रानांत त्यांनी रानडुकरे आणि भेकरे मारली. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, तेव्हा त्यांनी बंदूक जमा केली आणि त्यानंतर ते रानात गेले ते केवळ पाहण्यासाठी. त्यांच्या मागे आमच्या घरात दोन गोष्टी राहिल्या: भिंतीवरची सांबराची शिंगे, आणि तीन जाड वह्या, ज्यांत तारीख, गाव, ओढा, दिसलेले जनावर, मारलेले जनावर असे सगळे त्यांनी बारीक अक्षरांत लिहून ठेवले आहे.

मी बंदूक कधी हातात धरली नाही. पण गेली पंधरा वर्षे रविवारी पवई तलावावर रीतसर सभासद म्हणून गळ टाकतो. परवा माझ्या बारा वर्षांच्या मुलीने विचारले, "बाबा, तुम्ही मासे पकडता आणि निसर्ग वाचवा असेही म्हणता, या दोन्ही गोष्टी एकत्र कशा बसतात?" मला तिला समाधानकारक उत्तर देता आले नाही. अमेरिकेत स्थायिक झालेला माझा मावसभाऊ सांगतो की तिथले वन्यजीव संरक्षण शिकाऱ्यांच्या आणि गळकऱ्यांच्या पैशावर चालते. हे खरे असेल, तर आपल्याकडे तसे काही का नाही? आणि माझ्यासारख्या माणसाने, किंवा गळसुद्धा न टाकणाऱ्या माझ्या शेजाऱ्याने, "झाडे लावा" यापलीकडे काय करावे? कृपया अनुभवाने सांगावे.

जुनेकागद (दादर)

आपल्या मावसभावाचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. अमेरिकेत 1937 सालच्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवरचा 11 टक्के कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला गेला आणि 1950 साली तीच पद्धत मासेमारीच्या साहित्याला लागू झाली. त्याआधी 1934 पासून पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्याला दरवर्षी एक विशेष तिकीट विकत घ्यावे लागते. त्याच्या प्रत्येक डॉलरमधले 98 सेंट पाणथळ जागा राखण्यासाठी जातात, आणि शिकार न करणारे पक्षिनिरीक्षकही ते तिकीट आवर्जून घेतात. परंतु ही व्यवस्था शिकार कायदेशीर असलेल्या देशातली आहे. आपल्याकडे छंद म्हणून शिकार करण्याचा मार्ग कायद्याने बंद केला आणि माझ्या मते तो बंद झाला हेच योग्य झाले. त्याच वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 11 खाली माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या किंवा पिकांची नासाडी करणाऱ्या जनावरांबाबत मुख्य वन्यजीव रक्षकांना परवानगी देता येते. तो मार्ग शेतकऱ्याच्या अडचणीसाठी आहे, हौसेसाठी नाही. त्यामुळे पैशाचा तो झरा आपल्याकडे नाही, हे मान्य करूनच पुढे जावे लागेल.

मात्र शिकाऱ्यांनी आपल्याकडे दुसरे काही दिले आहे आणि ते याच शहरात दिले आहे. 1883 साली मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोन डॉक्टरही होते. 1886 पासून निघणाऱ्या तिच्या नियतकालिकाची जुनी पाने शिकाऱ्यांनी पाठवलेल्या टिपणांनी भरलेली आहेत. 1911 साली सोसायटीने देशातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली, तीही अशाच लोकांच्या वर्गणीच्या आणि मदतीच्या बळावर. सालिम अली लहानपणी एअरगनने पाडलेली एक चिमणी ओळखून घेण्यासाठी या संस्थेच्या दारात गेले आणि तिथून पुढे त्यांचे आयुष्य बदलले, हे आपणही वाचले असेल.

म्हणून माझी पहिली विनंती त्या तीन वह्यांबद्दल आहे. 1972 पूर्वी शहापूर-मुरबाडच्या कोणत्या ओढ्यावर कोणता प्राणी होता, याची तारीखवार नोंद आज कोणी पैसे देऊनही मिळवू शकणार नाही. त्या पानांची नीट छायाचित्रे घ्या, गावांची नावे आजच्या नकाशाशी ताडून पाहा आणि मग ती एखाद्या अभ्यासकाच्या किंवा संस्थेच्या हाती द्या. मूळ वह्या घरीच राहू द्या.

दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे, पण बोलायला हवी. त्या शिंगांचे मालकी प्रमाणपत्र घरात आहे का, ते आधी शोधा. 2003 साली अशा वस्तू जाहीर करण्यासाठी 180 दिवसांची मुदत देण्यात आली होती आणि अनेक घरांतून ती हुकली. प्रमाणपत्र असेल आणि शिंगे ठेवायची नसतील, तर 2022 च्या दुरुस्तीनंतर ती स्वेच्छेने मुख्य वन्यजीव रक्षकांकडे सुपूर्द करता येतात. त्याचा मोबदला मिळत नाही. प्रमाणपत्र नसेल तर वकिलाचा सल्ला घेऊन वनखात्याशी स्वतःहून संपर्क साधा. कोणाला भेट म्हणून देण्याच्या किंवा विकण्याच्या फंदात पडू नका.

डोहावर (वसई)

गळ टाकणाऱ्यांच्या बाजूने मी लिहितो. आपल्या मुलीचा प्रश्न मलाही एकेकाळी बोचला होता आणि त्याचे उत्तर मला कावेरीच्या एका कहाणीत सापडले, म्हणून ती सविस्तर सांगतो.

कर्नाटकात कावेरीकाठी गलिबोरे, भीमेश्वरी अशा ठिकाणी गळकऱ्यांची शिबिरे होती. महसीर हा नदीतला मोठा मासा पकडायचा, वजन करायचे, नोंद करायची आणि परत सोडायचा, असा तिथला नियम. पूर्वी चोरून मासेमारी करणाऱ्या स्थानिक माणसांनाच तिथे वाटाडे आणि राखणदार म्हणून काम मिळाले. पुढे संरक्षित क्षेत्रात गळ टाकण्यास बंदी आली आणि 2012 च्या सुमारास ती शिबिरे बंद पडली. पण गलिबोऱ्याच्या शिबिरातल्या 1998 ते 2012 या काळातल्या नोंदी टिकून होत्या आणि संशोधकांनी त्या तपासल्या. त्यांत 6,000 हून अधिक महसीर माशांची नोंद होती. वरवर पाहता चित्र आनंदाचे होते, कारण गळाला लागणाऱ्या माशांची संख्या वाढत गेली होती. परंतु वाढ होती ती निळसर परांच्या महसीरची, आणि कावेरीचा मूळचा, पाठीवर कुबड असलेला प्रचंड महसीर वर्षागणिक कमी होत चालला होता. त्या कुबडाच्या माशाचे शास्त्रीय नाव 2018 साली निश्चित झाले आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. गळकऱ्यांनी प्रत्येक माशाची जात लिहून ठेवली नसती, तर ही घसरण आकड्यांत कोणालाच दाखवता आली नसती.

यातला दुसरा धडा आपल्या महाराष्ट्राला जवळचा आहे. निळ्या परांचा तो महसीर म्हणजे आपली खडशी. लोणावळ्याजवळच्या वळवण येथे टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून तिची पैदास होते आणि तिथली पिल्ले देशभर गेली. हेतू निखळ चांगला होता आणि आपल्या नद्यांसाठी ते काम मोलाचेच आहे. पण कावेरीत सोडलेली खडशी तिथल्या मूळ माशाला जड गेली. त्यामुळे "तलावात मासे सोडले" ही नेहमीच सेवा ठरत नाही. कंटाळा आला म्हणून काचेच्या टाकीतला सकरफिश किंवा लाल कानांचे विदेशी कासव पुण्य समजून तळ्यात सोडणारी माणसे मी मुंबईत पाहिली आहेत. त्यांना हात जोडून थांबवणे, हेही गळकऱ्याचे काम आहे.

पवईसाठी व्यवहारातले सांगतो. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा, म्हणजे मासा सोडताना त्याचा जबडा फाटत नाही. हात ओले करूनच मासा धरा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथून बुरशी धरते. छायाचित्रासाठी त्याला पाण्याबाहेर ताटकळत ठेवू नका. तुटलेली नायलॉनची दोरी खिशात घालून घरी आणा, कारण तीत पाणकावळ्यांचे आणि बगळ्यांचे पाय अडकतात, आणि पवईच्या मगरीही त्याच पाण्यात असतात. एक वही ठेवा: तारीख, वेळ, किती तास बसलात, कोणती जात, किती लांबी, पाण्याचा रंग आणि वास. काहीही न लागलेला दिवससुद्धा लिहा. ती नोंद फार महत्त्वाची असते.

आणि एकदा मुलीला घेऊन वाड्याजवळ वैतरणेच्या काठी तिळशाला जा. देवळापाशी डोहात महसीर निर्धास्त फिरतात, कारण देवाचे मासे म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही. महाडजवळच्या वाळण कोंडीतही तेच आहे. कायद्याच्या कितीतरी आधी गावांनी हे राखले.

पहाटेचीहोडी (वेसावे)

मी कोळी कुटुंबातली आहे. वरची चर्चा मनापासून वाचली, पण तीत समुद्र फारसा आला नाही, आणि मुंबईचे सर्वांत मोठे रान समुद्रच आहे.

आमच्या जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क अडकला, तर त्याला सोडण्यासाठी जाळे कापावे लागते आणि जाळे कापणे म्हणजे घरातले पैसे पाण्यात टाकणे. पूर्वी म्हणूनच अनेकदा जनावर मरेपर्यंत काही केले जात नसे. त्यामागे क्रूरपणा नव्हता, कर्ज होते. 2018 च्या डिसेंबरपासून राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग आणि कांदळवन कक्ष यांच्या योजनेत, संरक्षित प्राणी सोडताना जाळे फाटले तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सोडतानाचे छायाचित्र किंवा चित्रफीत द्यावी लागते. तेव्हापासून आमच्याकडची तरुण मुले कासव सोडल्याचे अभिमानाने सांगतात. जखमी कासव किनाऱ्याला लागले, तर त्याला पाण्यात ढकलू नका. दमलेले कासव तसे बुडून मरते. सावलीत ओले फडके टाकून ठेवा आणि वनखात्याला कळवा. डहाणूला अशा कासवांचे शुश्रूषा केंद्र आहे.

आता गिऱ्हाइकांबद्दल थोडे स्पष्ट लिहिते, राग मानू नये. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, कारण तो काळ माशांच्या विणीचा. तरीही त्या दिवसांत लोक बाजारात ताजे पापलेट मागतात. 2023 साली राज्याने पापलेटला राज्यमासा घोषित केले आणि 54 जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. पापलेटसाठी ती 135 मिलिमीटर आहे. तळहातात मावेल असे पिल्लू स्वस्त मिळते म्हणून घेणारा आणि ते विकणारा, दोघेही पुढच्या वर्षाचा मासा खातात. बाजारात गेलात की कोळणीला एवढेच सांगा, "मावशी, लहान नको, मोठे असेल तेव्हाच नेईन." दहा गिऱ्हाइकांनी हे म्हटले तर तो निरोप बंदरापर्यंत पोहोचतो. मुशी आणि पाकट घेतानाही विचारून घ्या, कारण त्यांच्यातल्या अनेक जाती आता कायद्याने संरक्षित आहेत.

तळेकाठी (भांडुप)

ताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. डोहावर यांना एक शंका विचारतो: पकडून सोडलेला मासा खरोखर जगतो का? माझ्या मुलीचा पुढचा प्रश्न तोच असणार आहे.

डोहावर (वसई)

सगळे जगत नाहीत, हे तिला खरे सांगा. गळ घशात खोल गेला, पाणी फार तापलेले असले किंवा मासा दमेपर्यंत खेळवला, तर तो नंतर मरू शकतो. म्हणून एप्रिल-मेच्या दुपारी मी गळ टाकत नाही, आणि खोल गेलेला गळ ओढून न काढता दोरी तोंडाशी कापतो. स्वतःच्या जेवणापुरता एक मासा नेणे मला यापेक्षा कमी प्रामाणिक वाटत नाही. मात्र तो त्या पाण्यात भरपूर असलेल्या जातीचा असावा. पवईत तिलापी न्यावा.

शेवटचीबस (मुलुंड)

गळ न टाकणाऱ्या शेजाऱ्यांसाठी लिहितो. आमची सोसायटी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीला लागून आहे. सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या या रानात बिबटे आहेत आणि ते भिंत मानत नाहीत. काही वर्षांपूर्वी आमच्या फाटकाबाहेर कचरा साठत असे. कचऱ्यावर कुत्री येत, आणि कुत्र्यांमागे बिबट्या. सभासद पिंजरा लावण्याची मागणी करू लागले. 2011 पासून उद्यानाने नागरिकांना आणि अभ्यासकांना सोबत घेऊन जे काम केले, त्यातून आम्हांला समजले की एका ठिकाणचा बिबट्या पकडून दुसरीकडे सोडला, तर तिथला संघर्ष वाढतो आणि इथली रिकामी जागाही दुसरा बिबट्या घेतो. आम्ही पिंजरा मागितला नाही. कचरा रोज उचलला जाईल अशी व्यवस्था केली, दिवे लावले आणि अंधार पडल्यावर मुलांना एकटे सोडणे बंद केले. एवढ्या साध्या गोष्टींसाठी आम्हांला दोन वर्षे सभांमध्ये भांडावे लागले, तेव्हा शेजाऱ्यांनी लवकर निराश होऊ नये.

वनखात्याचा 1926 हा क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असावा. पिंजऱ्यातला पोपट किंवा चोरून आणलेले तारा कासव विकले जाताना दिसले, तर दया येऊन विकत घेऊ नका. तेवढ्याने विक्रेत्याचा पुढचा माल ठरतो. तक्रार करा. घुबडाचे घरटे किंवा बिबट्याची जागा समूहांवर नकाशासह टाकू नका.

पैसे द्यायचे असतील तर जिथे ते स्थानिक माणसापर्यंत जातात तिथे द्या. उद्यानात प्राणी दत्तक घेण्याची योजना आहे. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली झाले आणि 2022 साली जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. ऐरोलीच्या केंद्रातून तिथे होडीने जाता येते. रत्नागिरीतल्या वेळासला 2006 पासून कासव महोत्सव होतो, तिथे गावकऱ्यांच्या घरी राहा आणि त्यांच्या हातचे जेवा. अंडी राखणाऱ्या गावाला त्या राखणीतून उत्पन्न मिळते, हे पाहून माझा मुलगा हॉटेलचा हट्ट विसरला.

तळेकाठी (भांडुप)

सर्वांचा ऋणी आहे. शिंगांचे प्रमाणपत्र आईच्या कपाटात सापडले. ती सुपूर्द करण्याबद्दल घरात बोलणे सुरू आहे, आईचा जीव त्यांत अडकला असल्याने घाई करणार नाही.

काल रात्री मुलगी आणि मी वह्या उघडल्या. दुसऱ्या वहीत 1961 च्या जानेवारीतली एक नोंद मिळाली: मुरबाडच्या बाजूला काळू नदीच्या डोहात आजोबांनी हातभर लांबीच्या खडशी पाहिल्या, "नऊ मोजल्या, मारल्या नाहीत" असे लिहिले आहे आणि पुढे गावाचे नाव आहे. येत्या शनिवारी आम्ही दोघे त्या गावी जाऊन तो डोह शोधणार आहोत. गळ घरी ठेवतो. मुलीने नवी वही आणली आहे आणि पहिल्या पानावर रकाने आखले आहेत. काळू नदीच्या त्या पट्ट्याची माहिती असलेले कोणी इथे असतील, तर त्यांनी कृपया लिहावे.