मदत हवी आहे: छपाईच्या प्रेससाठी ग्राहकांच्या फायली घ्यायला कुठली सिस्टीम घेऊ?

ट्रेडल_कोल्हापूर
मंडळी, जरा लवकर सांगा. फायली सध्या व्हॉट्सअ‍ॅप, मेल, पेनड्राइव्ह, जमेल तिथून येतात. कुठली कोणाची, शेवटची दुरुस्ती झालेली कुठली, याचा मेळ लागत नाही. मेलवर २५ एमबीच्या वर जात नाही. ग्राहकाला एक लिंक द्यायची, त्याने फाइल टाकायची, ती आमच्या कॉम्प्युटरवर उतरायची, एवढंच पाहिजे. "गूगल ड्राइव्ह वापरा" सांगू नका, ते करून झालंय. पतसंस्थांच्या अहवालांचं काम तोंडावर आहे.

क्रॉपमार्क
दादा, यावर कुणी काय सांगणार? आधी हे लिहा:
ऑफसेट, डिजिटल की फ्लेक्स? एक फाइल साधारण किती एमबीची? दिवसाला किती कामं? फाइल डिझायनर पाठवतो की संस्थेचा क्लार्क? आणि ड्राइव्हवर नेमकं काय बिघडलं?
फ्लेक्सवाल्याची गरज वेगळी असते. १० बाय ६ फुटांचा बॅनर ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके) ८६४० बाय ५१८४ पिक्सेल होतो, सीएमवायके या छपाईच्या चार रंगांत न दाबलेली टिफ चित्रफाइल १७९ एमबीच्या आसपास. अहवालाच्या पीडीएफला हे लागू नाही.

शाईपाणी
एवढी चौकशी कशाला? व्हॉट्सअ‍ॅपच पुरे. लोक चूक करतात ती फोटो म्हणून पाठवण्यात. तसा पाठवला की लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते, म्हणजे ३०० डीपीआयला जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर. त्यापेक्षा मोठा छापला की फाटतो, ठिपके दिसतात. पिन दाबून "डॉक्युमेंट" निवडा, मग फाइल आहे तशी जाते, २ जीबीपर्यंत. बिझनेस अ‍ॅपमध्ये ग्राहकाला लेबल लावता येतं. ग्राहकाला नवीन काही शिकवावं लागत नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं.

क्रॉपमार्क
शाईपाणी, डॉक्युमेंटचं बरोबर आहे, पण त्यांची अडचण फाइल खराब होण्याची नाहीच. अडचण "कुठली शेवटची" ही आहे. एका चॅटमध्ये "अहवाल फायनल", "अहवाल फायनल २" आणि मध्ये ऐंशी मेसेज, तिथे लेबल काय करणार? लेबल ग्राहकाला लागतं, कामाला नाही. त्यात एकाच संस्थेचे अध्यक्ष, सचिव आणि क्लार्क तीन नंबरांवरून पाठवतात. शिवाय वेळेत डाउनलोड केली नाही तर जुनी फाइल परत उतरत नाही.

ट्रेडल_कोल्हापूर
ऑफसेट आहे. बाकीच्याने काय फरक पडतो कळत नाही, पण लिहितो. दिवसाला ३० कामं धरा, सरासरी ५० एमबी, अहवाल असला की १५० पर्यंत. निम्मे डिझायनर, निम्मे थेट ग्राहक. ड्राइव्हवर एकच फोल्डर सगळ्यांना एडिटचा हक्क देऊन शेअर केला होता. एका ग्राहकाने स्वतःच्या समजून दुसऱ्याच्या फायली उडवल्या. आणि प्रत्येकाला प्रत्येकाचं काम दिसत होतं.

सर्व्हरवाला_नाशिक
आता चित्र स्पष्ट झालं. नेक्स्टक्लाउड नावाचं ड्राइव्हसारखं सॉफ्टवेअर टाका, स्वतःच्या मशीनवर. फोल्डरची पब्लिक लिंक काढताना "फाइल ड्रॉप" निवडलं की बाहेरचा माणूस फक्त टाकू शकतो, बघू किंवा उडवू शकत नाही. महिन्याचं भाडं नाही, जागा हार्ड डिस्क असेल तेवढी.
तीन ठिकाणी अडकाल, ती आधीच बदला. ते ज्या पीएचपीवर चालतं त्यात एका फाइलच्या अपलोडची मर्यादा मुळात २ एमबी आणि पोस्टची (एका वेळी पाठवलेल्या सगळ्याची) ८ एमबी असते, दोन्ही वाढवा. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची बॉडी साइझ, म्हणजे एका वेळी घेण्याची मर्यादा, मुळात १ एमबी आहे. ती राहिली तर ग्राहकाला "४१३" असा एरर दिसतो आणि तो तुम्हालाच फोन करतो. तिसरं, कनेक्शन सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांत एकच आयपी पत्ता वाटलेला) असेल तर बाहेरून तुमच्या मशीनपर्यंत पोचताच येत नाही. स्टॅटिक आयपी घ्या, नाहीतर क्लाउडफ्लेअरचा टनेल, म्हणजे त्यांच्या सर्व्हरमार्गे तुमच्या मशीनपर्यंतचा रस्ता. पण टनेलच्या फुकट प्लॅनवर एका रिक्वेस्टला १०० एमबीची मर्यादा आहे, म्हणून चंक (फाइलचे पाठवायचे तुकडे) त्याहून लहान ठेवा. जुन्या आवृत्त्यांत पब्लिक लिंकवरून चंकिंग होत नाही, तेव्हा आवृत्ती नवीनच टाका.

फोरकलर
सर्व्हरवाला, तुमची माहिती पक्की आहे, पण प्रेसमध्ये हे सांभाळणार कोण? ऐन हंगामात लाइट गेली, यूपीएस बसला, डिस्क गेली, की ग्राहकाची लिंक बंद. बॅकअपची दुसरी डिस्क, अपडेट, सर्टिफिकेट, हे सगळं मशीनमनच्या गळ्यात बांधणार का?
त्यांना हवं ते तयार मिळतं: ड्रॉपबॉक्सची "फाइल रिक्वेस्ट". पाठवणाऱ्याला खातं लागत नाही. लिंक उघडली, नाव-ईमेल टाकलं, फाइल टाकली, झालं. दुसऱ्याचं काही दिसत नाही. कॉम्प्युटरवर ड्रॉपबॉक्सचं अ‍ॅप असेल तर फाइल आपोआप त्या फोल्डरमध्ये उतरते. धागाकर्त्यांनी मागितलंय ते हेच.
पण फुकट खात्यावर जागा फक्त २ जीबी आहे. ३० कामं गुणिले ५० एमबी म्हणजे रोज दीड जीबी. दुसऱ्या दिवशी भरेल आणि अपलोड थांबतील. पैसे भरूनच घ्या.

सर्व्हरवाला_नाशिक
म्हणजे दरवर्षी भाडं, आणि ग्राहकाचा माल परक्याच्या सर्व्हरवर. अहवालात सभासदांच्या थकबाकीच्या याद्या असतात. छापून यायच्या आधी त्या बाहेर ठेवणं मला पटत नाही.

फोरकलर
तीच यादी आज व्हॉट्सअ‍ॅपवर तीन फोनमध्ये पडली आहे. चांगलं पासवर्ड आणि दोन टप्प्यांचं लॉगिन लावलेलं विकतचं खातं हे अपडेट न केलेल्या घरच्या सर्व्हरपेक्षा सुरक्षित आहे. काम झालं की फाइल तिथून काढायची, हा नियम दोन्हीकडे लागतोच.

लेटरप्रेस_प्रेमी
गूगल फॉर्म का नाही? त्यात "फाइल अपलोड"चा प्रश्न घालता येतो. एका ग्राहकाला दुसऱ्याची फाइल दिसत नाही.

क्रॉपमार्क
चालेल, पण त्यात दोन खाचा आहेत. पाठवणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावंच लागतं. संस्थेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ते नसतं आणि क्लार्क तिथेच थांबतो. दुसरी खाच जास्त वाईट: फॉर्मला एकूण फायलींची मर्यादा असते, मुळात १ जीबी. ती भरली की फॉर्म उत्तरं घेणंच बंद करतो आणि तुम्हाला कळतं ते ग्राहकाचा फोन आल्यावर. सेटिंगमध्ये ती वाढवा. तरी फुकट ड्राइव्हची १५ जीबी जागा जीमेलबरोबर वाटलेली आहे, तुमच्या हिशेबाने दहा दिवसांत संपेल आणि मेल येणंही थांबेल.

कलम_कायदा
एक सांगायचं राहील म्हणून लिहितो. लोकसभा-विधानसभेचं प्रचारपत्रक असेल तर लिंकवरून फाइल आली म्हणून लगेच छापू नका. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२७क प्रमाणे प्रकाशकाचं सही केलेलं घोषणापत्र दोन प्रतींत लागतं, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेलं. पत्रकाच्या दर्शनी भागावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. छापल्यावर घोषणापत्राची एक प्रत आणि पत्रकाची प्रत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जाते. चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

ट्रेडल_कोल्हापूर
साहेब, हे माहीत आहे, पण माझा प्रश्न अहवालांच्या फायलींचा आहे. कृपया विषयावर या.

मुद्रितशोधक
अहवाल म्हणालात म्हणून विचारतो, मजकूर कुठल्या फॉन्टमध्ये येतो? लिंक कुठलीही घ्या, श्रीलिपीतली (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधली) कोरलड्रॉची फाइल फॉन्टशिवाय आली तर ती उघडून उपयोग नाही, अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांचा कचरा दिसतो. युनिकोड असेल आणि तुमच्याकडे एक्स ६ च्या आधीचं कोरल असेल तर जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. ताळेबंदाच्या कोष्टकात हे पटकन लक्षात येत नाही.

शाईपाणी
म्हणून तर सगळ्यांना कंट्रोल-क्यू मारून कर्व्ह करूनच (अक्षरांचे नुसते आकार करून) पाठवायला सांगा. प्रश्नच मिटतो.

मुद्रितशोधक
मिटत नाही, पुढे ढकलला जातो. कर्व्ह केलेल्या ६४ पानांत लेखापरीक्षकाने एक आकडा बदलला की तुम्ही तिथे टाइप करू शकत नाही. छपाईसाठी फॉन्ट एम्बेड केलेली (आतच बसवलेली) पीडीएफ मागा आणि जोडीला मूळ उघडी फाइल फॉन्टसकट. कर्व्ह मुखपृष्ठापुरतं ठीक.

क्रॉपमार्क
मुद्रितशोधकांचं बरोबर. आणि कोरल असेल तर आवृत्तीचा उल्लेख हवाच. नव्या आवृत्तीतली फाइल जुन्यात उघडत नाही. "सेव्ह अ‍ॅज"मध्ये १७ म्हणजे एक्स ७, २१ म्हणजे २०१९. तुमच्या मशीनवर जी आहे ती लिंकबरोबरच कळवा.
मूळ प्रश्नाकडे येतो. ट्रेडल, तुमच्या कामाला फोरकलर म्हणतात ती फाइल रिक्वेस्टच योग्य आहे, पण सगळ्यांना एकच लिंक देऊ नका. हीच चूक ड्राइव्हवर झाली होती. मोठ्या कामाला प्रत्येकी वेगळी रिक्वेस्ट काढा, नावात जॉबकार्डचा (कामाच्या नोंदपत्राचा) नंबर घाला, म्हणजे फोल्डरही त्याच नावाचा होतो. पत्रिका, बिलबुकं अशा किरकोळ कामांना एक कायमची लिंक. फोल्डरचं नाव आखूड ठेवा. विंडोजवर पूर्ण पाथ २६० अक्षरांच्या पुढे गेला की फाइल उघडायला अडते, आणि डिझायनरच्या झिपमध्ये फोल्डरात फोल्डर असतातच.
रिक्वेस्टच्या वर्णनात चारच गोष्टी लिहा: पीडीएफ एक्स १ए (छपाईसाठीची पीडीएफ), चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई), फोटो ३०० डीपीआय, आतली पानं एकरंगी असतील तर फक्त काळा. शेवटची सगळ्यात जास्त चुकते. वर्डमधून काढलेल्या पीडीएफमध्ये काळा आरजीबी (स्क्रीनच्या रंगांतला) असतो, तो बदलताना चारही रंगांत पसरतो. सीटीपीला (कॉम्प्युटरवरून थेट प्लेट काढताना) एकाच्या जागी चार प्लेटा निघतात, आणि चार रंगांत छापलंच तर ८ पॉइंटचे आकडे रजिस्टर (रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं) हलताच दुहेरी दिसतात.
फाइल उतरली की अ‍ॅक्रोबॅट प्रोच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये ब्लॅकची खूण काढा. पानावर काही उरलं तर तो काळा शुद्ध नाही. अ‍ॅक्रोबॅट नसेल तर पॉपलर या सॉफ्टवेअरमधलं पीडीएफफॉन्ट्स चालवा, ते फायलीतल्या फॉन्टची यादी देतं. "एम्ब" रकान्यात "नो" दिसलं तर तो फॉन्ट आत नाही, प्लेट काढू नका.

फोरकलर
एक भर. तपासलेली फाइल ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरमधून सरळ कट करून हलवली तर ती क्लाउडवरूनही जाते. जागा मोकळी करायला तेच हवं, पण आधी जॉब फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर गेली आहे का बघा.

सर्व्हरवाला_नाशिक
हंगाम जवळ आहे म्हणून यंदा हे घ्या, हरकत नाही. पण ग्राहकांच्या बाजूचं नेट विसरू नका. २ एमबीपीएस अपलोडवर १५० एमबीला दहा मिनिटं लागतात. क्लार्क मध्येच ब्राउझर बंद करतो आणि "पाठवली" म्हणून सांगतो. त्याला सांगा, पूर्ण झाल्याचा संदेश दिसेपर्यंत खिडकी बंद करायची नाही, आणि संस्थेचं जुनं ब्राउझर असेल तर अपडेट करून घ्या.

ट्रेडल_कोल्हापूर
आभार. विकतचं खातं घेतो, जॉबकार्डप्रमाणे रिक्वेस्ट काढतो. एकच राहिलं: त्याच कामाची दुरुस्त फाइल दुसऱ्यांदा आली तर जुनीवर चढते का?

क्रॉपमार्क
चढत नाही, नाव तेच असलं तरी वेगळी फाइल म्हणून येते. म्हणूनच जुनी तशीच पडू देऊ नका. नवी आली की जुनी त्याच जॉबमध्ये "रद्द" नावाच्या फोल्डरमध्ये टाका, आणि प्लेटला जाणाऱ्या फाइलची तारीख-वेळ जॉबकार्डवर पेनाने लिहून ग्राहकाची प्रूफवर सही घ्या.

ट्रेडल_कोल्हापूर
ठीक. उद्या पहिल्या दोन संस्थांना लिंक पाठवतो.