हेळसांड कोणाची, हलगर्जीपणा कोणाचा?

प्रश्न : 'मिसहँडलिंग'ला मराठीत नेमका शब्द कोणता? एका अहवालाचं भाषांतर करतेय. 'गैरहाताळणी' लिहून पाहिलं, पण फार कागदी वाटतं. हेळसांड, हयगय, हलगर्जीपणा यांतला कुठलाही चालेल का?

उत्तर : कुठलाही चालणार नाही, ताई. षष्ठीचा प्रत्यय कोणाला लागतो ते बघा. 'रुग्णाची हेळसांड' म्हणतो तेव्हा तो सोसणाऱ्याला लागतो, 'डॉक्टरांचा हलगर्जीपणा' म्हटलं की करणाऱ्याला. 'आबाळ'सुद्धा सोसणाऱ्याचीच. हयगय मात्र कामात होते. त्यामुळे 'रुग्णांची हेळसांड झाली' हे वाक्य दोषी माणसाचं नावही न घेता पुरं होतं. बातम्यांत ते इतकं का आवडतं, हे यावरून कळेल.

हेळसांडीला काळही लागतो. चूक क्षणात होते, हेळसांड चालू राहते. लहानपणी मी पुस्तक उघडं, उपडं टाकून खेळायला जायचो. आई ते उचलून कणा दाखवायची. शिवण उसवलेली, मधली पानं सुटू लागलेली. "किती हेळसांड करशील?" म्हणायची. एका दुपारीत शिवण उसवत नाही, हे त्या 'किती'त होतं. हेळणे म्हणजे तुच्छ लेखणे, 'अवहेलने'तही तेच आहे. आणि सांडणे म्हणजे जुन्या मराठीत टाकून देणे.

आता भोपाळ घ्या. २ डिसेंबर १९८४च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने आधीच बंद केलेली होती. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढून ठेवलेली. हजारो माणसं गेली. आपण म्हणतो 'वायुदुर्घटना', जणू वीज पडली. माझ्या मते ती सुरक्षेची हेळसांड होती आणि हलगर्जीपणा कंपनीचा होता. दोन्ही शब्द लागतात.

शब्द बदलला की शिक्षाही बदलते. भारतीय आरोपींवरचा आरोप सुरुवातीला सदोष मनुष्यवधाचा होता. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्यावर, म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ३०४-अ वर आणला. तिथे कमाल शिक्षा २ वर्षं होती. जून २०१०मध्ये, २५ वर्षांनंतर, तेवढीच झाली. हे वाचताना आजही घशाशी येतं.

आणखी एकजण : 'गलथान' विसरू नका. तो माणसापेक्षा कारभाराला लागतो. आणि 'बेपर्वाई'त धोका ठाऊक असूनही फिकीर नसते, म्हणून ती निष्काळजीपणापेक्षा जड.

प्रश्नकर्ती : माझं वाक्य रक्ताच्या नमुन्यांबद्दल आहे. 'नमुन्यांची हेळसांड झाली' असं लिहिलं होतं. आता 'कर्मचाऱ्यांनी नमुने हाताळताना हयगय केली' करते.

उत्तर : थांबा. नमुने थंड ठेवायला बर्फाची पेटी दिलेली होती का त्यांना? मूळ अहवालात ते पान बघा. दिलेलीच नसेल, तर कर्त्याच्या जागी कर्मचारी नकोत. हलगर्जीपणा पेटी न पुरवणाऱ्यांचा आहे, आणि तसंच लिहा.