जव्हारला पर्यटन वाढलं तर दिवाळीनंतर पाड्यावरच्या दारांची कुलपं निघतील का?

पाटीपेन्सिल (धागा सुरू करणारा)

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत जाण्याआधी मी पाड्यावरून एक फेरी मारतो. कुठल्या दाराला कुलूप लागलंय, कुठे कुडाच्या दारात नुसत्या काट्या ओढून ठेवल्यात, कुठे म्हातारी एकटीच नागली (नाचणी) पाखडत बसलीय, ते बघून घेतो. म्हातारी मागे राहिली असेल तर त्या घरातलं पोर शाळेत दिसायची आशा असते. बाकीची पोरं आईबापाबरोबर वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. आमच्याकडे याला स्थलांतर म्हणत नाहीत. "जगायला गेले" म्हणतात.

सध्या पालघर जिल्ह्यातल्या आमच्या जव्हारमध्ये जो तो पर्यटनाबद्दल बोलतो. दाभोसा धबधबा, हनुमान पॉइंट, जयविलास राजवाडा, सगळीकडे रस्ते आणि रेलिंग करा, हॉटेलं येऊ द्या, मग आदिवासींना गावातच रोजगार मिळेल, असं मांडलं जातं. माझं म्हणणं आहे की यात महिन्यांचा हिशेब चुकतोय. पर्यटकांची खरी गर्दी जुलै-ऑगस्टमध्ये, धबधबे बघायला. त्या वेळी पाड्यावरचा माणूस घरीच असतो, चिखलात उभा राहून भाताची लावणी करत असतो. त्याला कामाची गरज पडते ती भात झोडून झाल्यावर, डिसेंबर ते मे. तेव्हा ओहोळ आटलेले असतात आणि पॉइंटवर चिटपाखरू नसतं.

लोक भट्टीवर का जातात तेही बघायला हवं. गणपतीच्या सुमारास मुकादम येतो आणि उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, देऊन जातो. त्या उचलीत सण होतो, आजारपण निघतं, जुनं देणं फिटतं. मग भट्टीवर आठवड्याला फक्त खर्ची मिळते, बाकीचा हिशेब पाऊस तोंडावर आल्यावर, आणि विटा किती पाडल्या ते मालकाच्या वहीत. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, पण उचलीच्या वाटेने ती अजून घरात शिरते. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ सालीच केला, देशाच्या कितीतरी आधी. तरी माणसं हमीच्या कामाऐवजी भट्टीवर जातात, कारण हमीचा पैसा काम झाल्यावर, बँकेत, उशिरा येतो. उचल कामाच्या आधी, हातात, रोख मिळते. हे जोवर उलटं होत नाही तोवर कितीही रेलिंगं लावा.

पैसा आधी पाण्यावर आणि वेळच्या वेळी मजुरीवर घाला. पर्यटन त्यानंतर.

दाभोसा_वाट

सर, तुमची कळकळ कळते, पण मला हे पटलं नाही. मी कोकणा आदिवासी, इथलाच. घराला लागून दोन खोल्या काढल्या, शेणाने सारवलेल्या, कौलारू. पाहुणे येतात ते नागलीची भाकरी, उडदाचं वरण, पावसाच्या तोंडावर शेवळांची भाजी आणि थंडीत उकडलेले करांदे खायला. शेजारच्या दोन वहिनी भाकऱ्या थापायला येतात, त्यांना ताटामागे पैसे मिळतात, त्याच दिवशी आणि रोख. तुम्हीच म्हणता ना, पैसा हातात पडायला हवा?

पर्यटन फक्त पावसाळ्याचं, असं कुणी ठरवलं? थंडीत इथली हवा किती सुरेख असते ते मुंबईकराला अजून माहीतच नाही. होळीनंतर बोहाडा सुरू होतो, रात्रभर सोंगं नाचतात, संबळ वाजतो. उन्हाळ्यात बघण्यासारखं इथे काही नसतं असं म्हणणाऱ्याने एकदा ते बघावं.

आणि एक गोष्ट मनाला लागते. आदिवासी म्हटलं की हमी, भट्टी, कुपोषण, एवढंच. जव्हारला चौदाव्या शतकापासून १९४८ पर्यंत महादेव कोळी असलेल्या मुकणे घराण्याचं राज्य होतं. सुरतेच्या मोहिमेवर जाताना शिवाजी महाराज जव्हारजवळच्या शिरपामाळावर थांबले, तेव्हा त्यांचं स्वागत आदिवासी राजाने केलं. मग आज हॉटेलचा मालक आदिवासी का असू नये? त्याने फक्त मजुरीच वेळेवर मागावी का?

तांदळाचं_पीठ

मालक कोण, हाच कळीचा मुद्दा आहे. एका रिसॉर्टच्या भिंतीवर मी वारली चित्र पाहिलं, जवळ गेले तर छापलेला फ्लेक्स. आमच्याकडे लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात. हो, लिहितात, काढतात असं आम्ही म्हणत नाही. कुडाची भिंत शेण-गेरूने सारवायची, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूची काडी ठेचून तिचं टोक मऊ करायचं, आणि मध्ये पालघट देवी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते तेव्हा देवी तिथे येते. ती आली नाही तर लग्नच लागत नाही.

गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही फ्लेक्सवाल्याला विचारणारं कुणी नाही. पर्यटन वाढू दे, पण भिंत लिहायला माणूस इथलाच हवा आणि त्याला मीटरच्या हिशेबाने नाही तर कलाकाराचे पैसे मिळायला हवेत. दादांच्या खोल्यांत कुणी लिहिलंय?

दाभोसा_वाट

ताई, माझ्या आत्याने.

मोगरेवाली

तुम्ही दोघेही शेत सोडून बोलताय. आम्ही दहा गुंठ्यांत मोगरा लावला. फेब्रुवारी-मार्चपासून कळी सुरू होते आणि पाऊस लागेपर्यंत चालते. म्हणजे ज्या महिन्यांत गाव ओस पडतं, नेमक्या त्याच महिन्यांत. पहाटे अंधारात, डोक्याला बॅटरी बांधून कळ्या खुडायच्या. ऊन चढलं की कळी उमलायला लागते, मग व्यापारी हात लावत नाही. ओल्या फडक्यात बांधून गाडीवर चढवायची, दादरला नाहीतर नाशकाला. लग्नसराईत भाव चांगला मिळतो, आणि कधी आठवड्याभरात निम्म्यावर येतो. तरी गेली तीन वर्षं आमच्या दाराला कुलूप लागलेलं नाही.

मात्र हे सगळं विहिरीवर चालतं. इथे पाऊस थोडाथोडका नाही, जूनपासून नुसता कोसळतो, पण कातळावरून सगळा वाहून खाली जातो आणि मार्चमध्ये आमच्याच बाया हंडे घेऊन झऱ्याला वाटी लावून बसतात. पाऊस संपता संपता ओहोळावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घातला तर विहिरीला महिना-दीड महिना जास्त पाणी राहतं. हे मी डोळ्यांनी बघितलंय. रेलिंगपेक्षा मला तो बंधारा द्या.

डोंगरपलीकडचा

मोगरा ठीक आहे, पण ज्याच्या नावावर गुंठाही नाही त्याने काय लावायचं? कातकरी वाडीवरची घरंसुद्धा दुसऱ्याच्या जागेत असतात. आम्ही पूर्वी एकसाली प्लॉट कसायचो, दरवर्षी फॉरेस्टच्या मर्जीवर. २००६ च्या वनहक्क कायद्याने चार हेक्टरपर्यंतचा हक्क मान्य केला, तर आमच्या वाट्याला कसत असलेल्या जमिनीचा एक तुकडा आला, बाकीचा दावा अजून कागदात अडकलाय. मोजणीला साहेब दोनदा आले, दोन्ही वेळा आम्ही भट्टीवर होतो. जगायला जावं तर हक्क सुटतो, थांबावं तर चूल विझते.

मी मोठा झालो तेव्हा वावर-वांगणीच्या नावाने लोक आमचा तालुका ओळखायचे, १९९२ सालच्या बालमृत्यूंमुळे. तेव्हापासून योजना पुष्कळ आल्या. अंगणवाडीत गरोदर बाईला चौरस आहार मिळतो, ते चांगलंच आहे. पण ती सातव्या महिन्यात भट्टीवरच्या भोंग्यात, म्हणजे झोपडीत, राहत असेल तर तिचं ताट इकडे आणि ती तिकडे. म्हणून मी सरांच्या बाजूने. पाहुणे येवोत न येवोत, आमची माणसं इथे थांबली पाहिजेत.

पाटीपेन्सिल

मोगऱ्याचा मुद्दा माझ्या मांडणीत हवा होता, तो राहिला. ताई, आभार. बिनजमिनीच्या माणसाचा प्रश्न मात्र मोगऱ्यानेही सुटत नाही, आणि हमीची कामं नेमकी तिथेच हवीत. बंधारे बांधायचं कामच हमीतून निघालं तर एकाला मजुरी आणि दुसरीला पाणी मिळेल. आमच्या ग्रामसभेत हा ठराव मी मांडणार आहे. गाव पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यात, येतं, ठराव करायचा हक्क आहेच.

दाभोसा_वाट, तुमच्या राजाच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी शाळेत मुलांना ते शिकवतो, पण इथे लिहिताना विसरलो, हे खरं. मालकीचं तुमचं म्हणणं मी मान्य करतो. फक्त एक सरळ विचारतो, राग मानू नका. मार्च-एप्रिलमध्ये तुमच्या दोन खोल्यांत किती दिवस पाहुणे असतात?

दाभोसा_वाट

राग नाही, सर. बोहाड्याचे चार-पाच दिवस सोडले तर खोल्या रिकाम्याच असतात. गेली दोन वर्षं मार्च ते मे मी वसईला गवंड्याच्या हाताखाली काम केलं. ते वर लिहिलं नव्हतं.

पण आधी आम्ही भात झोडल्यावर आठवड्याभरात सगळे निघायचो, बायको, पोरं, कोंबड्यासुद्धा. आता मी एकटाच जातो आणि तोही शिमगा झाल्यावर. उचल घेत नाही, पावसाळ्यात पाहुण्यांकडून आलेला पैसा तोवर पुरतो. मुलगी चौथीत आहे. या वर्षी तिची हजेरी अजून एकदाही चुकलेली नाही.

बंधाऱ्याच्या कामाला कधी सुरुवात करताय ते कळवा. तेव्हा भात झोडून झालं असेल तर आमच्या पाड्यावरची माणसं घेऊन येतो.